सातवा भाग

लिएपायात रात्री वारा दारं मोजत फिरतो
आणि इल्गवार्स तबकड्या.
एकूण नऊ. कडेनं तांबूस चढू लागलेल्या,
म्हणजे आज ना उद्या वाचता येणार नाहीत,
असं वाचनालयातल्या बाईनं सांगितलं,
उद्या पाऊस आहे म्हणावं तसं.

ट्रामच्या डेपोत चाळीस वर्षं ब्रेक दुरुस्त केले.
आता निवृत्त. संगणक पुतण्यानं टाकून दिलेला,
त्याचा पंखा असा घरघरतो
की शेजारची माल्वीने भिंतीवर चप्पल आपटते.

मुलगी फेरो बेटांवर, माशांच्या शेतावर.
सानिताचा निरोप आला :
बाबा, ती जुनी मालिका लहान करून पाठवा,
इथं नेट रडतखडत चालतं,
चित्र थोडं बिघडलं तरी चालेल.

थोडं म्हणजे किती?
इथंच गाडी अडली.

आधी कंगवे काढले.
हलत्या हाताला दात फुटायचे प्रत्येक चौकटीत :
एक ओळ आत्ताची, एक ओळ पुढच्या क्षणाची,
जुन्या टीव्हीला खपायचं, नव्या पडद्याला खपत नाही.
मग आकडा.
अठरा ठेवला तर चित्र लोणी, फाइल म्हैस.
अठ्ठावीस ठेवला तर फाइल मुठीत मावते,
पण नायिकेचा चेहरा मेणाचा होतो
आणि रात्रीच्या आभाळाला पायऱ्या पडतात.
घासाघीस करत बाविसावर सौदा तुटला.

या यंत्राची काटकसर त्याला आवडली, खोटं कशाला बोला.
जे हललं नाही ते पुन्हा लिहायचं नाही.
भिंत तीच, टेबल तेच, दिवा तोच :
‘मागीलप्रमाणे’ म्हणायचं आणि पुढं सरकायचं.
डेपोतली नोंदवही तो अशीच भरायचा.
फक्त फिल्मचे दाणे त्याला परवडत नाहीत,
ते दर चौकटीत नवे, रव्यासारखे सांडलेले.
पुसू का, विचारतं.
सहा भागांत इल्गवार्स म्हणाला, पूस थोडे.

सातव्यात धुकं आहे.
समोर नायिका रडते, सगळा खर्च तिच्या डोळ्यांवर.
मागून ट्राम जाते.
तिसऱ्या खिडकीत एक बाई, जाळीच्या पिशवीत दुधाच्या दोन बाटल्या.
चार सेकंद.

त्या दिवशी तीन रुबल मिळाले होते आणि कोबीचं गरम सूप.
घरी येऊन जिद्रा हसत सुटली होती :
काम काय, तर म्हणे हलू नका!
आणि ती हलली नव्हती.
कोटाच्या आत चार महिन्यांची सानिता,
तीही नाही.

बाविसावर तिचा गाल आणि काचेवरचं धुकं
मिळून एकच करडा चौकोन.
मागीलप्रमाणे.

वीस. बाटल्या दोन झाल्या, चेहरा नाही.
अठरा. नाक आलं बहुतेक.
एकेका फेरीला चार तास, पंखा जिवाच्या आकांतानं,
भिंतीवर चप्पल,
आणि आयुष्यात पहिल्यांदा इल्गवार्सनं
आपलीही चप्पल काढून उलट आपटली.
पलीकडे शांतता.
पंधरा, आणि दाण्यांना हात लावू नकोस म्हणून बजावलं.

पहाटे खिडकीतली बाई
रव्याच्या दाण्यादाण्यातून उठून बसली.
ओठ घट्ट दाबलेले. हसू आवरतेय,
हे त्याला ठाऊक, दिग्दर्शकाला नव्हतं.

आठवा, नववा पुन्हा बाविसावर. तिथं कोणी नाही.

फाइली पोचायला दोन दिवस लागले.
सानितानं विचारलं :
सगळं आलं, पण सातवा भाग एवढा मोठा कसा?
अडकला होता मधेच, रात्रभर चालू ठेवावा लागला.

इल्गवार्सनं बराच वेळ टाइप केलं, पुसलं,
पुन्हा टाइप केलं.
शेवटी एवढंच गेलं :
धुकं होतं.